सूर्यप्रकाशाद्वारे पाण्यातील औषधजन्य प्रदूषकांचे निर्मूलन

पाण्यात अल्प प्रमाणात मिसळलेली औषधे व त्यांचे अवशेष सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने विघटित करण्याच्या पद्धतींना एकत्रितपणे सौर प्रकाशरासायनिक जलशुद्धीकरण असे म्हणतात. या पद्धतींचे तीन मुख्य प्रकार आहेत: प्रकाशाने औषधाचा रेणू थेट तुटणे (थेट प्रकाशविघटन), टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या अर्धवाहकाच्या पृष्ठभागावर घडणारे प्रकाश-उत्प्रेरण आणि लोह व हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून केली जाणारी प्रकाश-फेंटन प्रक्रिया. वेदनाशामके, प्रतिजैविके, संप्रेरके, अपस्मारावरील व रक्तदाबावरील औषधे अशा अनेक द्रव्यांवर या पद्धतींचे प्रयोग झाले आहेत.

सूर्यप्रकाश विनामूल्य असला, तरी त्यावर आधारलेली जलशुद्धी आपोआप स्वस्त किंवा सोपी ठरत नाही. पाण्याची स्वच्छता, औषधाची रासायनिक रचना, उपलब्ध जागा आणि हवामान या चार गोष्टींवर तिचे यश अवलंबून असते. त्यामुळे ही पद्धत नेहमीच्या सांडपाणी प्रक्रियेची जागा घेत नाही, तिला पूरक ठरते.

पार्श्वभूमी

माणसाने घेतलेले औषध शरीरात पूर्णपणे नष्ट होत नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन जवळजवळ संपूर्णपणे मूळ रूपातच शरीराबाहेर पडते. अमॉक्सिसिलिन व सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांचाही मोठा भाग न बदलता उत्सर्जित होतो. त्वचेवर चोळलेले डायक्लोफेनॅकचे मलम अंघोळीच्या व कपडे धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात जाते. याशिवाय रुग्णालयांचे सांडपाणी, पशुवैद्यकीय वापर, औषधनिर्मितीचे कारखाने आणि मुदत संपल्यामुळे बेसिनमध्ये वा शौचकूपात टाकून दिलेली औषधे हे प्रदूषणाचे अन्य स्रोत आहेत.

नागरी सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची रचना मुख्यतः गाळ, सेंद्रिय पदार्थ आणि काही प्रमाणात नत्र व स्फुरद काढून टाकण्यासाठी केलेली असते. तेथील जिवाणू पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन यांसारखी औषधे बऱ्याच अंशी पचवतात. डायक्लोफेनॅकचे निर्मूलन अपुरे व अनियमित असते, तर अपस्मारावरील कार्बामाझेपिन जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते. म्हणून दिसण्यास स्वच्छ आणि प्रचलित मानकांत बसणाऱ्या प्रक्रियाकृत पाण्यातही औषधांचे अंश आढळतात. नागरी सांडपाण्यात त्यांचे प्रमाण सामान्यतः लिटरमागे नॅनोग्रॅम ते काही मायक्रोग्रॅम इतके असते.

एवढ्या अल्प प्रमाणातील द्रव्यांमुळे पाणी पिणाऱ्या माणसाला तत्काळ विषबाधा होत नाही. चिंतेची कारणे निराळी आहेत. पाण्यातील जीव आयुष्यभर या द्रव्यांच्या संपर्कात राहतात. गर्भनिरोधक गोळ्यांतील इथिनिल इस्ट्राडायॉल हे कृत्रिम संप्रेरक तर लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले, तरी माशांच्या प्रजननावर परिणाम करते. प्रतिजैविकांच्या सान्निध्यात प्रतिरोधक जिवाणू टिकून राहतात व वाढतात.

औषधाच्या अवशेषाने पर्यावरणाची केवढी हानी होऊ शकते, याचे भारतीय उपखंडातील ठळक उदाहरण म्हणजे गिधाडांचा ऱ्हास. येथे मार्ग पाण्याचा नव्हता. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे शव खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे २००४ मध्ये स्पष्ट झाले आणि भारताने २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली.

कारखान्यांच्या सांडपाण्यात औषधांचे प्रमाण नागरी सांडपाण्याच्या कित्येक पट अधिक असू शकते. हैदराबादजवळील पाटनचेरू येथे सुमारे ९० औषध उत्पादकांचे सांडपाणी घेणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. हे प्रमाण उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील पातळीपेक्षाही जास्त होते.

निसर्गातील प्रकाशविघटन

काही औषधे तपकिरी काचेच्या बाटलीत किंवा प्रकाश न शिरणाऱ्या वेष्टनात विकली जातात व त्यांवर ‘प्रकाशापासून दूर ठेवा’ अशी सूचना असते. प्रकाश शोषून घेतल्यावर त्यांच्या रेणूंतील बंध तुटतात, हे त्याचे कारण होय. औषध टिकवण्याच्या दृष्टीने हा दोष असला, तरी जलशुद्धीच्या दृष्टीने हाच गुण ठरतो.

नद्या व तलावांत ही क्रिया नैसर्गिकरीत्या चालू असते. स्वित्झर्लंडमधील ग्रायफेनझे या तलावात येणारे डायक्लोफेनॅक प्रामुख्याने सूर्यप्रकाशाने नाहीसे होते, असे १९९८ मध्ये दाखवून देण्यात आले. मात्र ही क्रिया पाण्याच्या वरच्या थरापुरतीच मर्यादित असते. गढूळ, शेवाळयुक्त किंवा जलपर्णीने झाकलेल्या पाण्यात प्रकाश खोलवर पोहोचत नाही. तसेच जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात सुमारे २९० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे किरण जवळजवळ नसतात. ज्या औषधाचा रेणू त्यापुढील तरंगलांबीचा प्रकाश शोषत नाही, त्याच्यावर नुसत्या उन्हाचा थेट परिणाम होत नाही. अशा औषधांसाठी उत्प्रेरकाची गरज भासते.

इतिहास

इंग्रज रसायनशास्त्रज्ञ एच. जे. एच. फेंटन यांनी १८९४ मध्ये लोहक्षार व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या साहाय्याने टार्टारिक आम्लाचे ऑक्सिडीभवन वर्णिले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ही अभिक्रिया पुढे सांडपाणी शुद्धीकरणात वापरली जाऊ लागली.

प्रकाश-उत्प्रेरणाच्या आधुनिक संशोधनाची सुरुवात सहसा अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांच्या १९७२ मधील शोधनिबंधापासून मानली जाते. टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन करता येते, असे त्यांनी दाखवले. १९७७ मध्ये अमेरिकेतील स्टीव्हन फ्रँक व ॲलन बार्ड यांनी याच पदार्थाच्या चूर्णाने पाण्यातील सायनाइडचे ऑक्सिडीभवन घडवून आणले. त्यामुळे जलशुद्धीचा मार्ग खुला झाला.

प्रयोगशाळेतील दिव्यांऐवजी प्रत्यक्ष उन्हात मोठ्या प्रमाणावर प्रयोग करण्याचे काम १९९० च्या दशकापासून विशेषतः दक्षिण स्पेनमधील अल्मेरिया येथील सौर संशोधन केंद्रात झाले. त्याच प्रांतात एका औषधी कच्च्या मालाच्या कारखान्यातील सांडपाण्यासाठी १०० चौरस मीटर सौर संग्राहक असलेले प्रात्यक्षिक संयंत्र उभारण्यात आले. त्याची माहिती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. सहजासहजी न कुजणारे द्रव्य आधी सूर्यप्रकाशाने अर्धवट तोडायचे आणि उरलेले काम जिवाणूंवर सोपवायचे, अशी तेथील योजना होती.

प्रक्रियांचे स्वरूप

प्रकाश-उत्प्रेरण

टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढऱ्या रंगात वापरले जाणारे, पाण्यात न विरघळणारे आणि तुलनेने स्वस्त चूर्ण आहे. त्याच्या ॲनाटेज या स्फटिकरूपात इलेक्ट्रॉनांच्या दोन ऊर्जापट्ट्यांमध्ये सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतके अंतर असते. सुमारे ३८७ नॅनोमीटर किंवा त्याहून कमी तरंगलांबीचा अतिनील (जंबुपार) किरण पडल्यास इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात जातो व त्याच्या जागी धन प्रभाराची पोकळी राहते. पोकळी पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक तयार करते, तर इलेक्ट्रॉन विरघळलेल्या ऑक्सिजनला मिळून सुपरऑक्साइड मूलक बनतो.

हायड्रॉक्सिल मूलक अत्यंत क्रियाशील असतो व तो जवळजवळ कोणत्याही सेंद्रिय रेणूवर हल्ला करतो. क्रिया पूर्णत्वास गेल्यास औषधातील कार्बनचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये होते व क्लोरीन, नत्र, गंधक यांचे साधे क्षार उरतात. यास खनिजीभवन म्हणतात. उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही.

या पद्धतीची मुख्य अडचण म्हणजे सूर्याच्या ऊर्जेपैकी अतिनील किरणांचा वाटा केवळ ४ ते ५ टक्के असतो. दृश्य प्रकाशाचाही उपयोग व्हावा यासाठी टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये नत्र किंवा धातूंचा अंश मिसळणे, तसेच ग्राफिटिक कार्बन नायट्राइड, बिस्मथची संयुगे इत्यादी पर्यायी पदार्थ वापरणे, या दिशांनी संशोधन चालू आहे.

प्रकाश-फेंटन प्रक्रिया

या प्रक्रियेत फेरस लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी अभिक्रिया करून हायड्रॉक्सिल मूलक देते आणि स्वतः फेरिक रूपात जाते. अंधारात ही साखळी लवकर मंदावते. प्रकाशात मात्र फेरिक लोहाचे पुन्हा फेरस लोह होते व आणखी एक मूलक मिळतो. फेरिक लोहाची संयुगे अतिनीलबरोबर दृश्य प्रकाशाचाही काही भाग शोषत असल्याने उन्हाचा उपयोग येथे अधिक चांगला होतो.

नेहमीच्या प्रकाश-फेंटन प्रक्रियेस पाण्याचा सामू सुमारे २.८ ठेवावा लागतो. अन्यथा लोह गाळाच्या रूपात खाली बसते. त्यासाठी आधी आम्ल आणि नंतर अल्क घालण्याचा खर्च येतो. लोहाला धरून ठेवणारी जैवविघटनशील द्रव्ये मिसळल्यास ही प्रक्रिया उदासीन सामूलाही चालवता येते.

संयंत्रांची रचना

सौर प्रकाशरासायनिक संयंत्रांत पाणी सहसा काचेच्या पारदर्शक नळ्यांतून खेळवले जाते. नळ्यांच्या मागे ॲल्युमिनियमचे वक्र परावर्तक बसवलेले असतात. हे संयुक्त अन्वस्ताकार संग्राहक सूर्याच्या दिशेने फिरवावे लागत नाहीत व ढगांतून पसरून येणारा प्रकाशही वापरतात. दुसरा, अधिक स्वस्त प्रकार म्हणजे ५ ते १५ सेंटीमीटर खोलीचे लांबट उथळ हौद. त्यांत चाकाच्या साहाय्याने पाणी फिरते ठेवले जाते.

उत्प्रेरकाचे चूर्ण पाण्यात मिसळल्यास क्रिया जलद होते. मात्र नंतर ते गाळून वेगळे करावे लागते. काच, वाळू किंवा चिनीमातीवर चूर्णाचा थर दिल्यास गाळणी टळते, पण क्रियेचा वेग कमी होतो.

निरनिराळ्या औषधांवरील परिणाम

डायक्लोफेनॅक: नुसत्या सूर्यप्रकाशातही लवकर विघटित होते.

सिप्रोफ्लॉक्सासिन व ऑफ्लॉक्सासिन: ही प्रतिजैविके प्रकाशास संवेदनशील आहेत, मात्र ती गाळाला चिकटून राहत असल्याने त्यांचा काही भाग प्रकाशापासून दूर राहतो.

प्रोप्रानोलॉल: रक्तदाबावरील हे औषध प्रकाश शोषून विघटित होते.

आयबुप्रोफेन: सूर्यप्रकाशातील किरण फारसे शोषत नाही, थेट प्रकाशविघटन अत्यंत मंद, परंतु हायड्रॉक्सिल मूलकांशी अभिक्रिया जलद.

कार्बामाझेपिन: जिवाणू व सूर्यप्रकाश या दोहोंना दाद देत नाही, उत्प्रेरक वा प्रकाश-फेंटन प्रक्रियेची गरज भासते. म्हणूनच निरनिराळ्या पद्धतींची तुलना करताना या औषधाचा कसोटी म्हणून उपयोग करतात.

मर्यादा

प्रदूषक व इतर द्रव्यांतील स्पर्धा

सांडपाण्यात औषधे मायक्रोग्रॅममध्ये असतात, तर साधे सेंद्रिय पदार्थ, बायकार्बोनेट व क्लोराइड मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारो पटींनी अधिक असतात. हायड्रॉक्सिल मूलक निवड करत नाही. वाटेत येईल त्या द्रव्याशी तो अभिक्रिया करतो. न शुद्ध केलेल्या मैलापाण्यावर ही प्रक्रिया केल्यास बहुतेक मूलक औषधापर्यंत पोहोचण्यापूर्वीच खर्च होतात. म्हणून नागरी सांडपाण्याच्या बाबतीत जैविक प्रक्रिया व गाळण यांच्यानंतर, अखेरच्या टप्प्यावरच तिचा उपयोग होतो. याउलट कारखान्यातील तीव्र व न कुजणाऱ्या औषधाने भरलेला प्रवाह वेगळा काढला असेल, तर ती जैविक प्रक्रियेच्या आधी वापरता येते.

अपघटनाची उत्पादिते

मूळ औषध नाहीसे झाले म्हणजे पाणी निर्धोक झाले, असे नाही. प्रकाशाने कार्बामाझेपिनपासून ॲक्रिडीन हे विषारी द्रव्य तयार होऊ शकते. नेप्रॉक्सेनची काही प्रकाशजन्य उत्पादिते पाण्यातील सूक्ष्म जीवांना मूळ औषधापेक्षा अधिक घातक असल्याचे आढळले आहे. त्यामुळे प्रक्रियेचे मूल्यमापन करताना औषधाचे किती टक्के निर्मूलन झाले एवढेच न पाहता खनिजीभवनाचे प्रमाण, विषारीपणाच्या चाचण्या आणि प्रतिजैविकांच्या बाबतीत उरलेली जिवाणूनाशक शक्ती यांचाही विचार करावा लागतो.

जागा

१० सेंटीमीटर खोलीच्या हौदात दर चौरस मीटरला १०० लिटर पाणी मावते. १० लाख लिटर पाणी एकाच वेळी पसरायचे झाल्यास १०,००० चौरस मीटर, म्हणजे १ हेक्टर जागा लागते. प्रक्रियेस १ तास पुरत असेल व दिवसातून ८ तास पुरेसे ऊन असेल, तर हेच काम सुमारे १,२५० चौरस मीटरमध्ये होऊ शकते. परंतु याच हिशेबाने दररोज १० कोटी लिटर सांडपाण्यासाठी १२.५ हेक्टर उघडी जागा आणि रात्री येणारे पाणी साठवण्यासाठी स्वतंत्र टाक्या लागतील.

ठाणे–कल्याण परिसर

राजमाचीच्या डोंगराळ परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, बदलापूर, उल्हासनगर व कल्याण या भागांतून वाहत वसईच्या खाडीवाटे अरबी समुद्राला मिळते. तिचा एक फाटा ठाणे खाडीशी जोडलेला आहे. जांभूळ, मोहिली व शहाड येथून या नदीचे पाणी शहरांसाठी व उद्योगांसाठी उचलले जाते. अंबरनाथ व उल्हासनगरमधून सांडपाणी वाहून आणणारी वालधुनी नदी कल्याणजवळ उल्हास नदीच्या प्रवाहाला मिळते. अंबरनाथ, बदलापूर व डोंबिवली येथील औद्योगिक वसाहतींत रसायने, रंगद्रव्ये व औषधे यांचे कारखाने आहेत. एकाच नदीवर पाणी उचलणे व सांडपाणी सोडणे या दोन्ही गोष्टी होत असल्याने सूक्ष्मप्रदूषकांचा प्रश्न येथे केवळ पर्यावरणाचा नसून पाणीपुरवठ्याचाही आहे.

ठाणे शहराच्या सांडपाण्याचा अखेरचा टप्पा म्हणजे खाडी. नौपाडा हा ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस असलेला जुना, दाट वस्तीचा भाग आहे. अशा निवासी भागात औषधांचा स्रोत कोणताही एक कारखाना नसून प्रत्येक घर व प्रत्येक दवाखाना हाच असतो. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्यामुळे खाडीत जाणाऱ्या पाण्याच्या गुणवत्तेला विशेष महत्त्व आहे.

सौर प्रक्रियेच्या दृष्टीने या परिसरात अनुकूल व प्रतिकूल अशा दोन्ही बाबी आढळतात. सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावरील या भागात ऑक्टोबर ते मे या काळात भरपूर ऊन असते आणि पाण्याचे तापमान अभिक्रियेस अनुकूल असते. जून ते सप्टेंबर या काळात ढगाळ हवामानामुळे अतिनील किरण कमी होतात, पावसाचे पाणी उघड्या हौदांत शिरते व सांडपाणी गढूळ होते. खाडीलगत भरतीचे खारे पाणी गटारांत शिरल्यास क्लोराइडचे प्रमाण वाढून प्रक्रिया मंदावते व क्लोरीनयुक्त उत्पादिते तयार होण्याची शक्यता निर्माण होते. दाट वस्तीत हेक्टरांच्या हिशेबाने मोकळी जागा मिळणेही दुरापास्त आहे. या कारणांनी संपूर्ण शहराच्या मैलापाण्यापेक्षा रुग्णालयांचे वेगळे काढलेले सांडपाणी, औषध कारखान्यांतील मर्यादित तीव्र प्रवाह आणि उद्याने वा बांधकामासाठी पुन्हा वापरायचे प्रक्रियाकृत पाणी, या लहान प्रमाणावरील कामांसाठी ही पद्धत येथे अधिक योग्य ठरते. पावसाळ्यासाठी अतिनील दिवे, ओझोन किंवा सक्रियित कोळसा असा पर्याय जोडीला ठेवावा लागतो.

महाराष्ट्रातील संशोधन

मुंबईतील माटुंगा येथील रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रगत ऑक्सिडीभवन प्रक्रियांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. पराग गोगटे व अनिरुद्ध पंडित यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला दोन भागांतील आढावा या विषयात जगभर संदर्भासाठी वापरला जातो. प्रकाश-उत्प्रेरण, फेंटन प्रक्रिया, ओझोन व पोकळीभवन या पद्धती एकेकट्या न वापरता एकत्र वापरण्याचे फायदे त्यात मांडले आहेत.

नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) व आयर्लंडमधील रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स यांच्या समन्वयाने २०१९ मध्ये ‘पानी वॉटर’ हा भारत-युरोप संयुक्त प्रकल्प सुरू झाला. औषधांसह नव्याने लक्षात आलेली प्रदूषके सांडपाण्यातून व पिण्याच्या पाण्यातून काढून टाकण्यासाठी प्रकाश व अधिशोषण यांवर आधारित सहा आद्यरूपे विकसित करणे हा त्याचा उद्देश होता.

कायदे व मानके

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या अवशेषांसाठी मर्यादा सुचवल्या होत्या. ऑगस्ट २०२१ मधील अंतिम अधिसूचनेत मात्र त्यांचा समावेश झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रतिजैविकांच्या निर्मितीतील सांडपाणी व घनकचऱ्याबाबत मार्गदर्शन प्रसिद्ध केले.

स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक सांडपाणी केंद्रांना सूक्ष्मप्रदूषके काढून टाकणे बंधनकारक केले. त्यासाठी तेथे मुख्यतः ओझोन व सक्रियित कोळसा वापरतात. युरोपीय संघाच्या २०२४ मधील सुधारित निर्देशानुसार मोठ्या केंद्रांतील अशा अतिरिक्त शुद्धीकरणाच्या खर्चाचा किमान ८० टक्के भाग औषध व सौंदर्यप्रसाधन उत्पादकांनी उचलावयाचा आहे.

उगमाशी प्रतिबंध

पाण्यात मिसळलेले औषध काढण्यापेक्षा ते पाण्यात जाऊ न देणे अधिक सोपे व स्वस्त असते. भारतातील जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार रुग्णालयांतील मुदतबाह्य व टाकाऊ औषधे पिवळ्या वर्गात मोडतात व ती उत्पादकाकडे परत पाठवून किंवा भस्मीकरणाद्वारे नष्ट करावी लागतात. घरांतील उरलेली औषधे मात्र बहुधा कचऱ्यात किंवा गटारात जातात. वैद्यकीय सल्ल्याशिवाय प्रतिजैविके न घेणे, लागतील तेवढीच औषधे खरेदी करणे आणि उरलेली औषधे नळाखाली रिकामी न करणे, या सवयींमुळे सांडपाण्यातील औषधांचा भार कमी होतो. शरीरातून उत्सर्जित होणारा भाग मात्र टाळता येत नाही. त्याच्यासाठीच प्रगत शुद्धीकरणाची गरज उरते.

हेही पहा

उल्हास नदी
ठाणे खाडी
वालधुनी नदी
सांडपाणी प्रक्रिया
प्रतिजैविक प्रतिरोध
टायटॅनियम डायऑक्साइड